उलटा एस

दर गुरुवारी नऊ वाजता निवेस माझ्यापुढे ट्रे ठेवते.
कूपा नदीच्या गाळातून निघालेली ब्राँझची नाणी,
अंगठ्याच्या नखाएवढी, काही त्याहून लहान,
हिरवा गंज चढलेली.
ती मला "गोस्पोजा यागोदा" म्हणते
आणि कॉफीत साखर घालायला विसरते.

मी भिंग डोळ्याला लावते, गुलाबाचा काटा हातात घेते.
सुईने चरे पडतात, काट्याने पडत नाहीत.
हे मला कुणी शिकवलं नाही.

एका बाजूला सम्राट, कपाळाला मोत्यांची पट्टी.
दुसऱ्या बाजूला घोड्यावरून कोसळणारा माणूस
आणि त्याच्यावर भाला रोखून धावलेला शिपाई.
या मारामारीभोवती गोल फिरणारी अक्षरं सांगतात:
सुखाचे दिवस परत आले.
एका नाण्यावर मात्र कुणीतरी घाईत कोरलंय
सुखाचे दिवस पतर आले.
मी एकटीच हसले. निवेसने दाराआडून विचारलं, काय झालं?
म्हटलं, काही नाही,
साडेसोळाशे वर्षांपूर्वी एक माणूस चुकून खरं बोलून गेला.

कुणी कट करून ध चा मा केलेला नसतो इथे.
हात दमतो. दिवा मिणमिणतो.
जागा संपते आणि दोन अक्षरं उरतात,
मग ती शिपायाच्या पायांत कोंबावी लागतात.

पण उलटा एस वेगळा.
नाण्याच्या तळाशी टांकसाळीचं नाव, म्हणजे आमच्याच गावाचं: सिस.
आमच्या लिपीत तीन अक्षरं, त्यांतले दोन एस, दोन्ही उलटे,
आरशात बघून भांग पाडल्यासारखे.
ठशात सगळं उलटं कोरावं लागतं, तेव्हा ते नाण्यावर सुलट येतं.
त्याची चूक एवढीच
की त्याने एस सरळ कोरला.

अकरा नाणी सापडली मला त्याची.
घोड्याचा मुडपलेला गुडघा इतका वाईट दुसरं कुणी काढत नाही,
आणि शिपायाचं नाक म्हणजे वाटाणा.
नाव माहीत नाही, म्हणून मी त्याला वाटाण्याच म्हणते.
निवेस नोंदवहीत लिहिते, "अक्षर उलटे",
आणि पान उलटते.

सत्तावीस वर्षं मी पोलाद कारखान्यात पाइप तपासले.
पाइपाच्या तोंडाशी ठोकलेला आकडा वाचायचा,
चुकला असेल तर खडूने फुली.
फेर्दो नावाचा एक पोरगा होता, सहाचे नऊ करायचा,
पंच उलटा धरून.
एकदा समजावलं. दुसऱ्यांदा समजावलं.
तिसऱ्यांदा कागदावर लिहून वर पाठवलं.
त्याला भट्टीवर हलवला.
भट्टीवर आकडे नसतात.

गेल्या गुरुवारी बारावं नाणं.
तोच गुडघा. तोच वाटाणा.
खाली सिस, आणि दोन्ही एस सुलटे,
शाळेच्या फळ्यावर असावेत तसे.

मी काटा खाली ठेवला.

कुणीतरी सांगितलं असणार त्याला.
शेजारी बसून, ओल्या मातीत बोटाने काढून दाखवलं असेल,
हे बघ, असा वळव.
किंवा कानाखाली वाजवून.
नाण्यावर यातलं काही उमटत नाही.

निवेस म्हणाली, यात चूक नाही, साध्या डब्यात टाका.
साध्या डब्यात चारेकशे आहेत, एकालाही चिठ्ठी नाही.
मी टाकलं नाही. अकरांच्या शेजारी ठेवलं.
चिठ्ठीवर काय लिहायचं ते बराच वेळ सुचेना.
मग पेन्सिलीने लिहिलं, "अक्षर सुलटे",
खाली तारीख घातली
आणि थंड झालेली कॉफी पिऊन टाकली.

घरी जाताना पुलावर थांबून
फेर्दोचं आडनाव आठवत राहिले.
ग वरून होतं काहीतरी.
किंवा क.